चार आठवड्यांचे चौदा महिने

आमच्या गटाच्या २०२३-२४च्या वार्षिक अहवालात एक ओळ आहे. ‘राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेतून एका विधवा महिलेस रु. २०,००० मिळवून दिले.’ ही ओळ मीच लिहिली. लिहिताना बरं वाटलं होतं. अहवालात फोटो टाकायचा म्हणून त्या बाईला आम्ही निरोप धाडला, तर ती आली नाही. दुसऱ्यांदा धाडला तेव्हा शेजारणीबरोबर सांगून पाठवलं, ‘ताईला म्हणावं, रोज बुडवून फोटोला येणं होत नाही.’ मला तेव्हा जरा रागच आला. आता राग येतो तो त्या ओळीचा.

मैत्रिणींनो, आपण हिंसाचारावर लिहितो, जमिनीच्या हक्कावर लिहितो, पोटगीवर लिहितो. सरकारी मदतीच्या अर्जाला किती दिवस लागले, हा विषय मात्र आपल्याला कारकुनी वाटतो. मलाही वाटायचा. उशीर होतोच, सरकारी काम आहे, असं म्हणून आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. पण काही मदत अशी असते की तिची सगळी किंमत तिच्या वेळेत असते. घरातलं कमावतं माणूस गेल्यावर मिळायची मदत ही त्यातली.

ही योजना तशी जुनी आहे. १५ ऑगस्ट १९९५ला केंद्र सरकारने राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला, त्यातला हा एक भाग. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातलं मुख्य कमावतं माणूस वारलं तर त्या घराला एकरकमी मदत. सुरुवातीला नैसर्गिक मृत्यूला पाच हजार आणि अपघाती मृत्यूला दहा हजार मिळत. १९९८ पासून दोन्हींना दहा हजार झाले, २०१२ साली वीस हजार. रक्कम तिथेच थांबली आहे, ते एक वेगळंच दुखणं आहे. गेलेल्या माणसाचं वय १८ ते ५९ असावं लागतं. संजय गांधी निराधार योजनेचं मानधन महिन्याच्या महिन्याला येतं, उशिरा सुरू झालं तरी पुढे चालू राहतं. हे पैसे एकदाच येतात, पडत्या घराला टेकू म्हणून.

किती दिवसांत यावेत? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने देऊन ठेवलेलं आहे. पीयूसीएलने २००१ साली अन्नाच्या अधिकाराचा खटला दाखल केला. त्यातला २८ नोव्हेंबर २००१चा अंतरिम आदेश शाळेतल्या शिजवलेल्या जेवणासाठी सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्याच आदेशात या योजनेविषयीही सांगितलं होतं : दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातलं मुख्य कमावतं माणूस गेलं की त्या कुटुंबाला चार आठवड्यांच्या आत, गावच्या सरपंचामार्फत, दहा हजार रुपये द्यावेत. चार आठवडे, आणि तेही गावातल्या गावात. तहसीलच्या जिन्यावर बसून नव्हे.

आता आमच्या बाईचं सांगते. तिचं नाव-गाव लिहीत नाही, तालुकाही लिहीत नाही. मराठवाड्यातलं गाव आहे, ऊसतोडीला जाणाऱ्यांचं, एवढं पुरे.

तिचा नवरा २०२२च्या जूनमध्ये काविळीने गेला. आधी गावातल्या डॉक्टरकडे, मग तालुक्याला खाजगीत, आणि शेवटी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात. खाजगी दवाखान्यापायी १८ हजारांचं कर्ज झालं, किराणा दुकानदाराकडून, शेकडा पाच रुपये महिन्याच्या व्याजाने. दहावं-तेरावं झालं. तिसऱ्या आठवड्यात ती आमच्याकडे आली. दोन लेकरं, मोठी पोरगी तेरा वर्षांची, सातवीत. मुलगा तिसरीत. मी तिला या योजनेचं सांगितलं. हिशेब साधा होता. वीस हजार येतील, दुकानदाराचे फेडता येतील, हंगामाला जायचं की नाही ते मग मोकळ्या डोक्याने ठरवता येईल. मी तिला ‘महिन्याभरात होईल’ असं म्हणाले. हे वाक्य माझं आहे, विसरता येत नाही.

११ जुलैला आम्ही तहसीलमध्ये संगांयो शाखेत अर्ज दिला. टेबलावरच्या कारकुनाने घेतला, फाइलीत ठेवला. ‘ठेवून जा ताई, बघतो.’ मी पोच मागितली नाही. वीस वर्षं या कामात असलेली बाई मी, आणि पोच मागितली नाही, कारण कारकून ओळखीचा होता आणि पोच मागितली तर त्याला अविश्वास वाटेल असं मला वाटलं. सप्टेंबरमध्ये तो कारकून बदलून गेला. नवा म्हणाला, असा अर्ज दिसत नाही. अडीच महिने गेले ते माझ्या भिडेपायी.

तोवर ती मृत्यूच्या दाखल्यासाठी तीनदा जिल्ह्याला जाऊन आली होती. मृत्यू जिथे होतो तिथे नोंदला जातो. माणूस गावचा असला तरी दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळत नाही, हे तिला कोण सांगणार? दाखल्यावर नवऱ्याच्या वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेलं होतं. ते दुरुस्त करण्यात आणखी एक फेरी.

मग दारिद्र्यरेषेचा दाखला. ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक बायका इथेच अडकतात. आपल्याकडे ग्रामीण भागात जी दारिद्र्यरेषेची यादी चालते ती २००२ सालच्या सर्वेक्षणाची. त्या वर्षी आमची बाई स्वतःच शाळकरी पोर होती. तिच्या नवऱ्याचं नाव यादीत कुटुंबप्रमुख म्हणून असणं शक्यच नव्हतं. यादीत नाव सासऱ्याचं. नवरा-बायको लग्नानंतर दोन वर्षांनी वेगळे निघाले, चूल वेगळी झाली, रेशनकार्ड वेगळं झालं. यादी तिथेच राहिली. आता हा मेलेला माणूस त्या यादीतल्या कुटुंबातलाच, हे सिद्ध करायला सासऱ्याचं शपथपत्र हवं असं सांगण्यात आलं.

सासऱ्याने अंगठा द्यायला पाच हजार मागितले. ‘पोरगा माझा गेला, पैसे हिला कशाला?’ असं तो गावात बोलत होता. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्याचाही पोरगा गेलाच होता, आणि म्हातारा-म्हातारी त्याच्या मजुरीवर थोडीफार टेकलेली होती. पण बघा काय झालं. बाई सासरी एकटी पडली म्हणून शासनाने तिला मदत द्यायची, आणि ती मदत मिळवायला शासनानेच तिला सासऱ्याच्या दारात उभं करायचं. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत बाईचं सासरचं स्थान सगळ्यांत नाजूक असतं. घरात राहू देतात की नाही, भांडीकुंडी देतात की नाही, पोरं कोणाची, हे सगळं त्याच दिवसांत ठरत असतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपलं कार्यालय तिला सांगतं, सासऱ्याची सही आण. कागदाचा हा नियम करणाऱ्याला कुटुंब म्हणजे एकच एक, एका प्रमुखाखालचं, सुखाने नांदणारं असंच दिसत असलं पाहिजे.

सप्टेंबरअखेर दुसरा अर्ज दिला. या वेळी बारनिशीत नोंद, शिक्का, पोच, सगळं. दुकानदाराचं व्याज तीन महिन्यांत अडीच हजारांच्या पुढे गेलेलं. दसऱ्याच्या आधी मुकादम गावात आले. तिने ४० हजारांची उचल घेतली.

ज्या मैत्रिणी मुंबई-पुण्याकडच्या आहेत त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत मजूर एकट्याने मोजत नाहीत. नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. नवरा गेला की बाई अर्धी होते, हे तिथे बोलण्याची रीत म्हणून नाही, हिशेबात तसं धरतात. अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा उचल देत नाही, दिली तर अर्धी. उरलेला अर्धा कोण? तिची सातवीतली पोरगी.

दसरा होऊन आठवड्याने त्या मायलेकी टोळीबरोबर गेल्या. मुलगा आजोळी. पोरगी मोळ्या बांधायची, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, पहाटे तीनला उठायची. मार्चअखेर पट्टा पडला तेव्हा दोघी परत आल्या. उचल पुरती फिटलेली नव्हती, सहा-सात हजार पुढच्या वर्षावर गेले. पोरगी शाळेत परत गेली नाही. ‘आता पोरी मला हसतील,’ म्हणाली. तिला कुणी हसलं नसतंही कदाचित. पण ती गेली नाही.

आणि फाइलीचं काय झालं? जानेवारीत कार्यालयाने तिच्या गावच्या पत्त्यावर त्रुटीपत्र पाठवलं : मयताच्या वयाचा पुरावा जोडलेला नाही. ती तेव्हा दोन जिल्हे ओलांडून फडात होती. पत्राला उत्तर आलं नाही म्हणून फाइलीवर शेरा पडला, ‘अर्जदार त्रुटीपूर्ततेस गैरहजर, सबब प्रकरण दप्तरी दाखल.’ एप्रिलमध्ये मी तो शेरा माझ्या डोळ्यांनी वाचला. मदत वेळेवर आली नाही म्हणून ती गाव सोडून गेली, आणि गाव सोडून गेली म्हणून मदत बंद केली. हे लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नसेल. त्याच्यापुढे फक्त कागद होता.

फाइल पुन्हा उघडायला अर्ज, मग तलाठ्याचा अहवाल, मग वयाचा पुरावा. तो माणूस शाळेतच गेलेला नव्हता, आधारवर जन्मतारीख एक जानेवारी. ते मानायचं की नाही यावर तीन आठवडे. मग जूनमध्ये उत्तर आलं, ‘कागद सगळे बरोबर आहेत ताई, पण अनुदानच नाही. वरून आलं की बसवतो.’ ऑगस्टमध्ये मंजुरी. मग खातं आधारला जोडलेलं नाही, कारण बँकेत तिचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. आपल्याकडे लग्नात बाईचं आडनावच काय, पाळण्यातलं नावसुद्धा बदलतात. हौसेने तांदळात नाव लिहितात. त्या तांदळाची किंमत ती पुढे आयुष्यभर खिडक्यांवर फेडत राहते.

सप्टेंबर २०२३ मध्ये खात्यात २० हजार जमा झाले. पहिल्या अर्जापासून चौदा महिने.

आम्ही तिच्याबरोबर बसून नंतर हिशेब केला. तहसीलच्या एकूण सतरा फेऱ्या. दर फेरीला एक रोज बुडाला, २५० रुपयांचा, म्हणजे ४,२५० रुपये. एस.टी.चं जाऊन-येऊन तिकीट ७० रुपये. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं म्हणून पुढच्या आठ फेऱ्यांना ३५च लागले, तरी ९१० झाले. झेरॉक्स, फोटो, शपथपत्र, ऑनलाइनवाल्याचे मिळून ९००. सासऱ्याचे ५,०००. वीस हजारांतून ११,०६० रुपये ते वीस हजार मिळवण्यातच गेले. उरले ८,९४०. जिल्ह्याच्या फेऱ्या यात धरलेल्याच नाहीत, आणि दुकानदाराचं व्याजही नाही. पोरीच्या शाळेचं कसं धरायचं, ते आम्हाला कुणालाच सुचलं नाही.

वेळेवर पैसे मिळाले असते तर ती तोडीला गेलीच नसती, असं मी छातीठोक म्हणणार नाही. कदाचित भावाच्या टोळीबरोबर गेली असती. पण कर्ज फिटलेलं असतं, उचल घेण्याची घाई नसती, आणि पोरगी मावशीकडे राहून आठवीत गेली असती. एवढं तरी नक्की म्हणते.

हे वाचून कुणी म्हणेल, कारकुनाचा दोष. मला तसं वाटत नाही. त्या टेबलावर एक माणूस होता आणि त्याच्याकडे पाच योजना. त्याने लाच मागितली नाही, उद्धटपणा केला नाही, एकदा तर तिला चहा पाजला. दोष त्याचा असता तर सोपं होतं. त्याची बदली मागितली असती, मोर्चा नेला असता, जिंकलोही असतो. इथे प्रत्येकाने आपापलं काम नियमाने केलं, आणि सगळ्यांच्या नियमाने वागण्यातून चौदा महिने झाले.

कायदे नाहीत असंही नाही. महाराष्ट्रात २००५चा दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे. एका कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, तातडीची फाइल चार दिवसांत आणि अतितातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निघावी असं त्यात आहे. २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदतीत सेवा दिली नाही तर अपील करता येतं, अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. पण गंमत पाहा. दाखल्यांना मुदती आहेत, पत्राला मुदत आहे, टेबलाला मुदत आहे. बाईच्या हातात पैसे पडेपर्यंतच्या सगळ्या दिवसांची बेरीज मात्र कुणाच्याच नावावर नाही. त्रुटीपत्र गेलं की घड्याळ थांबतं. अनुदान नाही म्हटलं की थांबतं. तिच्या व्याजाचं घड्याळ तेवढं थांबत नाही. आणि कुठल्याही फाइलीवर मंत्र्याच्या दौऱ्यासाठी ‘अतितातडीचे’ असा लाल शेरा मारलेला मी पाहिला आहे, विधवेच्या फाइलीवर अजून पाहिलेला नाही.

शासनाला लवकर पैसे देता येत नाहीत का? येतात. २८ जून २०२४ला ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना अर्थसंकल्पात जाहीर झाली. जुलैत अर्ज, आणि ऑगस्टच्या मध्यापासून, रक्षाबंधनाच्या आत, कोटीच्या घरातल्या बायकांच्या खात्यांवर दोन महिन्यांचे तीन हजार जमा व्हायला लागले. सात आठवड्यांत. पिवळ्या-केशरी रेशनकार्डवालीला उत्पन्नाचा दाखला मागितला नाही, बाईने दिलेलं हमीपत्र मानलं. आमच्या बाईलाही मिळाले. ती हसून म्हणाली, ‘ताई, नवरा मेल्यावर चौदा महिने लागले, ह्याला तर चौदा दिस बी लागले नाहीत.’

मी त्या योजनेच्या बाजूने किंवा विरुद्ध इथे बोलत नाही, तो वाद आपल्या अंकांत झाला आहे आणि होत राहील. मला दिसतं ते इतकंच, की तेव्हा यंत्रणा तीच होती, तहसील तेच, अंगणवाडी सेविका त्याच, बँका त्याच. इच्छा होती आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. आधी पैसे दिले, तपासणी नंतर केली. २०२५ मध्ये तपासणी झाली तेव्हा अपात्र नावं निघाली, त्यात पुरुषसुद्धा निघाले, हे सरकारनेच सांगितलं. आणि मग ई-केवायसी लावली तेव्हा पुन्हा तेच, नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक द्या. नवरा नाही, वडील नाहीत, अशा बायकांच्या जिवाला त्या सप्टेंबरात घोर लागला होता, आमच्या दारात रांग होती. संशय घ्यायची वेळ आली की पहिला संशय एकट्या बाईवरच येतो.

‘आधी द्या, मग तपासा’ म्हटलं की अधिकारी म्हणतात, बोगस अर्ज येतील. येतील काही. पण मरण लपत नाही. गावात माणूस मेला की सगळं गाव मातीला जातं. घर गरीब आहे की नाही हे ग्रामसेवकाला, आशाताईला, शाळेच्या मास्तरला माहीत असतं. वीस हजारांसाठी कुणी जिवंत नवऱ्याला मेला म्हणून दाखवेल ही भीती मोठी, आणि तेरा वर्षांची पोरगी फडात जाईल ही भीती लहान, असं कोणत्या तराजूने ठरवलं?

शासन दारापर्यंत येऊ शकतं, हेही आपण पाहिलेलं आहे. कोरोनात नवरे गेलेल्या बायकांसाठी २०२१ साली ‘मिशन वात्सल्य’ आलं. कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने आणि कितीतरी गटांनी रेटा लावला तेव्हा ते आलं. तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याची समिती झाली, गावपातळीवरच्या पथकांनी बाईच्या घरी जाऊन कागद गोळा करायचे असं ठरलं. सगळीकडे नीट झालं असं नाही. आमच्या तालुक्यात सुरुवातीचे चार-सहा महिने बरं चाललं, मग थंडावलं. कोरोना मृत्यूंच्या पन्नास हजारांच्या मदतीबाबतही अर्ज आल्यापासून तीस दिवसांत पैसे द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राला कोर्टाचे खडे बोल ऐकावे लागले, त्यानंतर वाटपाला वेग आला. म्हणजे वरून कुणीतरी दिवस मोजत होतं म्हणून पैसे आले. काविळीने, क्षयाने, सर्पदंशाने गेलेल्यांच्या बायकांचे दिवस कोण मोजणार?

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. या योजनेच्या केंद्राच्या नियमांत घरकाम करणारी गृहिणीसुद्धा ‘कमावती’ धरलेली आहे. म्हणजे घरातली बाई वारली तरी त्या कुटुंबाला ही मदत मिळायला हवी. पण आमच्या तहसीलच्या फलकावर ‘कर्ता पुरुष मयत झाल्यास’ असं लिहिलेलं आहे, आणि आम्हीही इतकी वर्षं तसंच सांगत आलो. घरकाम हे काम आहे असं आपण व्यासपीठावरून चाळीस वर्षं बोललो. कागदावर एका ठिकाणी ते मान्य झालेलं होतं, तर ते आपल्याच नजरेतून सुटलं. बाळंतपणात गेलेल्या, कर्करोगाने गेलेल्या किती बायांची घरं आम्ही अशी परत पाठवली असतील? एकदा शपथपत्र लिहून घ्यायला आलेल्या एका आजीला मी स्वतःच ‘सून गेली तर नाही मिळत’ असं सांगितल्याचं मला आठवतं.

यावरून आपल्याकडे वळते. १९८०च्या आणि ९०च्या दशकात परित्यक्ता बायांसाठी स्वतंत्र रेशनकार्ड मागितलं तेव्हा आपण एकेका बाईचं कार्ड काढून देत बसलो नव्हतो. संगमनेरपासून जो आवाज उठला तो नियमच बदला असा होता. आता आपण काय करतो? शिबिरं घेतो, अर्ज भरून देतो, आधार दुरुस्त करून देतो, ‘लाभ मिळवून दिलेल्या महिला’ असा तक्ता भरतो. निधी देणाऱ्या संस्थेलाही तोच तक्ता हवा असतो. त्या तक्त्यात रकमेचा रकाना आहे, दिवसांचा नाही. म्हणून माझी ती ओळ यशात मोडली. कार्यालय आणि बाई यांच्यामधलं अंतर आम्ही आमच्या पायांनी भरून काढतो, आणि त्यामुळे ते अंतर कुणाला दिसेनासं होतं. तहसीलदारसाहेब आमच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून येतात, ‘ताईंमुळे आमचं काम सोपं होतं’ म्हणतात, आणि आम्ही टाळ्या वाजवतो.

याचा अर्थ अर्ज भरून देणं सोडा असा नाही. दारात आलेल्या बाईला ‘आम्ही धोरणावर काम करतो’ म्हणून परत पाठवणारी मंडळीही मी पाहिली आहेत. पण दिवस मोजायला लागू या. आम्ही २०२४ पासून एक वही केली आहे, साधी, दोनशे पानी. मरणाची तारीख, अर्जाची तारीख, पोच क्रमांक, आणि पुढे अठ्ठावीस घरं आखलेली. रोज एक घर काट मारायचं. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, ओळखीचा कारकून असला तर जास्तच नाही. त्रुटी असतील तर सगळ्या एकदम आणि लेखी मागायच्या. अठ्ठावीस घरं संपली की माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न टाकायचा, ही फाइल कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होती आणि तिथे किती दिवस. या प्रश्नाने फाइली हलतात, हा अनुभव आहे. फाइल कोणाकडे होती हे कागदावर येणार म्हटलं की माणसं जागी होतात.

मागण्या तशा थोड्या आहेत. मृत्यूची नोंद झाली की त्याच आठवड्यात ग्रामसेवकाने किंवा तलाठ्याने घरी जाऊन अर्ज घ्यावा. २००२च्या यादीऐवजी बाईचं आजचं रेशनकार्ड धरावं. सासऱ्याची, दिराची सही कुठल्याही नमुन्यात नको. प्रत्येक तहसीलदाराकडे काही रक्कम हातात असावी, वरून अनुदान येण्याची वाट न बघता देता येईल अशी. आणि चार आठवड्यांनंतर होणाऱ्या प्रत्येक महिन्याला व्याज, किराणा दुकानदाराच्या दराने. ही शेवटची मागणी बैठकीत मांडली तेव्हा साहेब हसले. आमच्यातल्या दोघी-तिघीही हसल्या. मी चेष्टेने म्हटलं नव्हतं.

शेतकरी आत्महत्येतल्या एक लाखाच्या मदतीविषयी लिहायला हवं होतं, पात्र-अपात्रच्या खेळात किती बायांचे हंगाम जातात ते. पण त्या भागातल्या मैत्रिणी ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात, त्यांनीच लिहावं. आपापल्या तालुक्यातल्या पाच-पाच प्रकरणांच्या नुसत्या तारखा जरी सगळ्यांनी पाठवल्या तरी पुढच्या अंकात दोन पानं भरतील, आणि ती पानं घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येईल.

आमची ती बाई गेल्या दिवाळीनंतरही तोडीला गेली, पोरगी बरोबर. पोरीला आता स्थळं यायला लागली आहेत. मी तिच्याशी बोलते आहे, ती ऐकून घेते, ‘बघू ताई’ म्हणते.

वहीत आज सात नावं आहेत. त्यातल्या एकीचं तेविसावं घर आज मी काटलं. तिचा नवरा विहिरीच्या कामावर गेला, पोर अजून अंगावर पिणारं आहे. तलाठ्याचा अहवाल झालेला आहे, फाइल नायब तहसीलदारांकडे आहे, चौकशीला कारण उरलेलं नाही. सोमवारी आम्ही पाच जणी जाणार आहोत, वही घेऊन.